छोटं विजेवरचं विमान: स्वतः उडवायला खरंच कामाचं आहे का?

माळरानपाखरू | शनिवार, रात्री ९:४२

मी शाळेत असताना बाबा मला सायकलवर बसवून गोंदूरच्या विमानतळाच्या कुंपणापाशी न्यायचे. धुळेकरांना ती जागा माहीत असेल. शिकाऊ विमान उतरायचं, चाकं टेकली न टेकली की पुन्हा वर जायचं आणि गोल फिरून परत यायचं. तासभर तेच. हे विमान कुठे जात का नाही, असं मी बाबांना विचारायचे.

आता नेदरलँड्समध्ये राहून सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि गेलं वर्षभर आमच्या क्लबात विजेवर चालणारं दोन आसनी विमान आहे. त्यावर माझे बावीस तास झालेत. घरचे, मित्रमंडळी सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: "मग आता चार्ज करून कुठेही जाता येईल ना?" एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

विमान आहे पिपिस्ट्रेल व्हेलिस इलेक्ट्रो. कंपनी स्लोव्हेनियाची. २०२२ पासून ती टेक्स्ट्रॉनकडे आहे, म्हणजे सेसना ही पेट्रोलवरची छोटी विमानं ज्यांची त्यांच्याकडेच. जून २०२० मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने या विमानाला प्रमाणपत्र दिलं. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला असं प्रमाणपत्र मिळण्याची जगातली ती पहिली वेळ. उड्डाणाच्या वेळी मोटर ५७ किलोवॉटच्या आसपास ताकद देते. बॅटऱ्या दोन आहेत, एक नाकात आणि एक आसनांच्या मागे, प्रत्येकी सत्तरेक किलोची. सगळं धरून विमानाचं कमाल वजन ६०० किलो आणि त्यात माणसांसाठी उरतात १७२ किलो. मी आणि माझा इन्स्ट्रक्टर बसलो की सामानाचा विचारच करायचा नाही.

उडवायला ते फार सुंदर आहे. पेट्रोलच्या विमानात इंजिन गरम होईपर्यंत थांबा, ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो तपासा, तेलाचा दाब बघा, हे सगळं असतं. इथे तपासायच्या गोष्टी निराळ्या आणि कमी. लिव्हर मागे ओढली की जमिनीवर पंखा चक्क थांबतो. रांगेत उभं असताना वाऱ्याने शेपूट हलते तेवढाच आवाज. हवेत गेल्यावर पंख्याचा आवाज येतोच, पण रेडिओवरचा शब्दन् शब्द कळतो. पहिल्या सोलोपूर्वी, म्हणजे एकट्याने करायच्या पहिल्या उड्डाणापूर्वी, घाबरलेल्या विद्यार्थ्याला इन्स्ट्रक्टरचं बोलणं नीट ऐकू येणं किती मोलाचं असतं, हे ज्याने शिकलंय त्याला सांगायला नको. विमानतळाला लागून घरं आहेत. शनिवार-रविवारी पेट्रोलची विमानं लागोपाठ सर्किट मारायला, म्हणजे उडून गोल फिरून तिथेच उतरायला, लागली की तिथून तक्रारी यायच्या. या विमानाबद्दल आजवर एकही आलेली नाही.

आता दुसरी बाजू. कंपनी सांगते तो आकडा आहे ५० मिनिटं अधिक राखीव. तो सावकाश उडण्याचा आकडा आहे. कॉकपिटमध्ये चार्जच्या टक्क्यांबरोबर आणखी एक टक्केवारी दिसते, बॅटरीच्या तब्येतीची. टाकीत किती आहे ते एक, आणि टाकीच किती उरली आहे ते दुसरं. पेट्रोलच्या विमानात टाकी कधी आक्रसत नाही. इथे दर महिन्याला हळूहळू आक्रसते आणि उड्डाणाचं गणित त्या दुसऱ्या आकड्यावरून मांडावं लागतं.

गेल्या जूनमधला एक प्रसंग सांगते. सर्किट मारून मी उतरायला येत होते, ३८ टक्के शिल्लक. आमच्या क्लबचा नियम आहे की ३० च्या वर असतानाच चाकं टेकली पाहिजेत. मी शेवटच्या वळणावर असताना पुढच्या विमानाचं टायर फुटलं आणि ते धावपट्टीच्या मधोमध अडकलं. गो-अराउंड केलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेले. चढताना मोटर पूर्ण ताकदीवर असते, तेव्हा टक्के डोळ्यांदेखत उतरतात. वर येऊन वेग कमी केला, ताकद कमीत कमी ठेवली आणि चकरा मारत राहिले. सेसनात असते तर शेजारच्या विमानतळावर निघून गेले असते, तीन तासांचं पेट्रोल असतं. इथे तिकडे निघायचं की इथेच थांबायचं हे त्या क्षणीच ठरवायला हवं होतं, कारण पाच मिनिटांनी तो पर्यायच उरला नसता. मी रेडिओवर परिस्थिती सांगितली आणि शेजारच्या, ग्लायडरसाठी (इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानांसाठी) असलेल्या गवती पट्टीवर उतरायची परवानगी मिळाली. उतरले तेव्हा २६ टक्के होते. धोका झाला नाही, पण त्या सात-आठ मिनिटांनी मला जे शिकवलं ते वर्गात शिकले नव्हते.

माझं मत: जिथून उडालो तिथेच परत उतरायचं असेल तर हे विमान आजच कामाचं आहे, आणि पेट्रोलपेक्षा चांगलंही आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं असेल तर नाही. इथे वैमानिक आहेत, अभियंते आहेत, त्यांचं म्हणणं वाचायला आवडेल.

---

चार_चाकी | शनिवार, रात्री १०:२०

ताई, लेख फार आवडला. तो टायरचा प्रसंग वाचताना हात घट्ट झाले होते.

मी नाशिकला असतो, चार वर्षांपासून नेक्सॉन ईव्ही वापरतो. घेतली तेव्हा सगळे म्हणाले, पुण्यापर्यंत तरी पोचशील का. आता निवांत जातो, नारायणगावला चहा आणि चार्जिंग एकत्र. विमानाचंही असंच होणार नाही का? पाच-सात वर्षांत बॅटऱ्या सुधारतील, ठिकठिकाणी चार्जर येतील. मला सरळ सांगा, पुण्याहून गोव्याला कधी जाता येईल?

---

लेथमशीन | शनिवार, रात्री ११:५५

चार_चाकी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे, म्हणून मांडतो. अंदाजे आकडे धरतोय, पण चित्र बदलणार नाही.

एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. त्यातली पाऊण इंजिनातच उष्णता होऊन जाते. पंख्यापर्यंत पोचते ती तीन, फार तर साडेतीन. एक किलो बॅटरीत, म्हणजे सेलभोवतीची पेटी, थंड ठेवायची व्यवस्था, तारा हे सगळं धरून, ०.१७ च्या आसपास. त्यातली नव्वद टक्के पंख्यापर्यंत जाते, म्हणजे ०.१५. किलोला किलो लावला तर वीसेक पटीचा फरक. विजेची मोटर कितीही कार्यक्षम असली तरी ही दरी तेवढ्याने भरत नाही.

वेगळ्या शब्दांत सांगतो. व्हेलिसच्या दोन बॅटऱ्यांत मिळून हाताशी २२ किलोवॉट-तास धरा. पंख्याला तेवढंच काम देणारं पेट्रोल होतं आठ-नऊ लिटर. तुमच्या घरी जुनी स्प्लेंडर असेल तर तिची टाकी. मोटरसायकलच्या एका टाकीइतकी ऊर्जा वाहून न्यायला हे विमान १४० किलो वजन उचलतं, आणि उतरतानाही ते १४० किलोच असतं. पेट्रोलचं विमान उडता उडता हलकं होत जातं, याचं नाही.

आता प्रवास. ९० नॉट म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला साधारण ३५ किलोवॉट लागतात. अमेरिकेत दिवसा नजरेने उडताना ३० मिनिटांचं राखीव इंधन ठेवावंच लागतं. हळू उडून तेवढा वेळ काढायचा म्हटला तरी दहा किलोवॉट-तास बाजूला गेले. उड्डाण आणि चढाईत तीन-साडेतीन जातात. उरले साडेआठ. ते पंधरा मिनिटं पुरतात. चढाईतलं अंतर धरून तुम्ही सुमारे पन्नास किलोमीटर गेलात.

पुण्याहून गोवा सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. बॅटऱ्या दुप्पट चांगल्या झाल्या तरी नाही. आणि गाडीशी तुलना करू नका असं मी आग्रहाने सांगेन. गाडीत पाच टक्के उरले तर तुम्ही कडेला थांबता.

एक जोडतो. वेगाचा प्रश्न विजेने केव्हाच सोडवला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या विजेवरच्या विमानाने तीन किलोमीटरच्या टप्प्यात सरासरी ताशी ५५५.९ किलोमीटर गाठले. अडचण किती वेळ उडता येतं याची आहे.

---

माळरानपाखरू | रविवार, सकाळी १०:०५

लेथमशीन, माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. एक भर घालते, कारण त्यातच सगळं आहे. युरोपात दिवसा, विमानतळ नजरेत ठेवून उडायचं आणि तिथेच उतरायचं असेल तर राखीव वेळ दहा मिनिटांचा चालतो. लांब जायचं तर ३० मिनिटं. त्यामुळे सर्किटसाठी हाताशी बरीच ऊर्जा उरते आणि प्रवासासाठी जवळजवळ उरतच नाही. आमच्या क्लबाने तो दहा मिनिटांचा नियम पुरेसा मानलेला नाही, म्हणून ३० टक्क्यांचा स्वतःचा नियम केला. टायरच्या प्रसंगानंतर मला तो नियम कुणी कमी करा म्हटलं तर मी भांडेन.

---

सॅन_होजेकर | रविवार, दुपारी १२:३०

मी कॅलिफोर्नियात, रीड-हिलव्ह्यू विमानतळाच्या जवळ राहतो आणि तिथूनच भाड्याचं सेसना १७२ उडवतो. आमच्याकडे विजेच्या विमानाचा विषय अंतरावरून निघत नाही, शिशावरून निघतो.

छोट्या विमानांचं पेट्रोल, म्हणजे १०० एलएल, यात अजूनही शिसं असतं. नावात लो लेड, म्हणजे कमी शिसं आहे, पण लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त असू शकतं. भारतात गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं. विमानांच्या इंजिनांत ते राहिलं, कारण त्यामुळे इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके पडत नाहीत आणि तेवढ्याच गुणाचं दुसरं इंधन सगळ्या इंजिनांना चालेल असं मिळायला दशकं लागली. आमच्या विमानतळाभोवती दाट वस्ती आहे, बहुतेक कामगारांची. २०२१ मध्ये तिथल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने १०० एलएल विकणं बंद केलं. मी ज्या घरांवरून सर्किट मारायचो तिथल्या मुलांबद्दलचा तो अहवाल वाचल्यावर मला दोन आठवडे उडावंसंच वाटलं नाही. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

म्हणून माळरानपाखरूंचं म्हणणं मला फार पटतं. सर्वात जास्त धूर आणि आवाज सर्किटमुळेच होतो, कारण तीच विमानं त्याच घरांवरून दिवसातून शंभर वेळा जातात. नेमकं तेच काम विजेचं विमान करू शकतं.

प्रवासाबद्दल मात्र मन खट्टू होतं. इथे वैमानिकांत १०० डॉलरच्या बर्गरची प्रथा आहे, शनिवारी उडून दुसऱ्या विमानतळावर जेवायला जायचं. मजा जेवणाची कमी आणि जाण्याची जास्त. विजेच्या विमानाने गेलो तर तिथे चार्जर हवा, तो मोकळा हवा आणि चार्जिंगसाठी दीड-दोन तास थांबावं लागतं. लहान विमानतळांवर चार्जर अजून दुर्मीळ आहेत.

नियम मात्र मोकळे होत आहेत. जुलै २०२५ मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने, हलक्या विमानांचे नवे नियम जाहीर केले. त्यांत या वर्गाला विजेची मोटर वापरायची वाट खुली झाली. आणि ३ जून २०२५ ला बीटा कंपनीचं विजेचं विमान वैमानिक आणि चार प्रवाशांसह ईस्ट हॅम्पटनहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलं. ते आपल्या खिशातलं विमान नाही, पण जेएफकेच्या धावपट्टीवर विजेचं विमान, ही बातमी मी मुलीला दोनदा वाचून दाखवली.

---

रुईफूल | रविवार, दुपारी ४:१५

मी वैमानिक नाही. माझा मुलगा बारावीनंतर वैमानिक व्हायचं म्हणतोय, म्हणून धागा आईच्या नजरेने वाचतेय. बॅटरीला आग लागल्याच्या बातम्या ऐकून जीव घाबरतो. स्कूटर असेल तर उतरून पळता येतं. हवेत काय करायचं? आणि नॉर्वेत असं विमान तळ्यात पडलं होतं ना?

---

माळरानपाखरू | रविवार, संध्याकाळी ६:५०

रुईफूलताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलं. माझ्या आईचाही पहिला प्रश्न हाच होता.

नॉर्वेची घटना ऑगस्ट २०१९ ची, आरेंडालजवळची. विमान पिपिस्ट्रेलचंच, पण आधीचं अल्फा इलेक्ट्रो. नॉर्वेच्या विमानतळ कंपनीचे प्रमुख स्वतः उडवत होते, शेजारी सरकारातल्या एक राज्यसचिव होत्या. हवेत मोटरची ताकद गेली आणि त्यांनी विमान तळ्यात उतरवलं. दोघंही सुखरूप बाहेर आले. अल्फाला व्हेलिससारखं पूर्ण प्रमाणपत्र नव्हतं.

आगीबद्दल: व्हेलिसमध्ये बॅटऱ्यांतून थंड द्रव फिरतो, दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि एक बंद पडली तर दुसरीवर उडून उतरता येतं. प्रमाणपत्र देताना मुख्य प्रश्नच हा होता की एक सेल पेटला तर पुढे काय होतं. तरीही धोका शून्य आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. पेट्रोलही पेटतं, पण त्याच्या आगीचा अनुभव आपल्याला शंभर वर्षांचा आहे, याचा थोड्या वर्षांचा.

मोटर बंद पडली तर काय, हे प्रत्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यापासून शिकतो, विमान कोणतंही असो. पंख तेच असतात. विमान तरंगत खाली येतं आणि शेत शोधायचं असतं. तुमच्या मुलाच्या हातून हा सराव शंभर वेळा करून घेणारा इन्स्ट्रक्टर शोधा. विमान कशावर चालतं ते त्यानंतर बघू.

---

उड्डाणगुरुजी | रविवार, रात्री ९:३०

मी महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो, सतरा वर्षं झाली. आपल्याकडचं सांगतो.

आपल्याकडे स्वतःच्या हौसेसाठी उडणारे फार थोडे. जे उडतात ते बहुतेक विमान कंपनीत नोकरी लागावी म्हणून २०० तास भरणारी मुलं. पालकांनी कर्ज काढलेलं असतं, जमीन विकलेली असते. त्यामुळे विजेच्या विमानाकडे मी एकाच प्रश्नाने बघतो: यातून मुलाचा तास स्वस्त होईल का?

इंधनाचा भार मोठा आहे. विमानाचं पेट्रोल वर्षानुवर्षं बाहेरून यायचं. पिंपं वेळेवर आली नाहीत म्हणून मुलं दोन-दोन आठवडे बसून राहिलेली मी पाहिली आहेत. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतून ते बनवायला सुरुवात केली, हे फार मोठं काम झालं. तरी ते पेट्रोलच आहे. वीज गावातच मिळते.

पण अडचणी बघा. एक विमान दिवसाला सात-आठ तास उडलं तरच शाळेचं गणित बसतं. पाऊण तास उडायचं आणि दीड तास चार्जरला लावायचं म्हटलं तर दिवसाला चार, फार तर पाच फेऱ्या. म्हणजे दुप्पट विमानं लागतील. अल्फा इलेक्ट्रोमध्ये बॅटरी काढून दुसरी लावता यायची, व्हेलिसमध्ये तसं पटकन करता येत नाही. आमच्यासारख्यांना खरं तर तेच हवं होतं.

दुसरं ऊन. एप्रिल-मेमध्ये बारामतीच्या धावपट्टीवर दुपारी पाय ठेववत नाही. इथे एक गोष्ट विजेच्या बाजूची आहे, ती कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर वर आहे. गरम, विरळ हवेत पेट्रोलच्या इंजिनाचा श्वास कमी पडतो आणि ताकद घटते. मोटरला श्वास घ्यावाच लागत नाही. पंख्याला आणि पंखांना हवा विरळ लागते ती लागतेच, पण निदान मोटर दमत नाही. उलट बॅटरी तापते. लागोपाठ सर्किट, मग चार्जिंग, मग पुन्हा सर्किट, हे ४२ अंशांत कसं चालेल हे स्वतः करून पाहिल्याशिवाय मी एकाही मुलाला त्यात बसवणार नाही.

सकाळी साडेसहा ते दहा ही आमची सोन्याची वेळ. हवा शांत, ऊन कोवळं. त्या वेळेत दोन विजेची विमानं फक्त सर्किटसाठी ठेवली आणि लांबच्या उड्डाणांना पेट्रोलचीच वापरली, तर मला ते आज पटतं.

मे २०२५ मध्ये बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेच्या ई-हंसाची घोषणा झाली, म्हणजे त्यांच्या हंसा या छोट्या विमानाच्या विजेच्या आवृत्तीची. दोन आसनी, विजेवर चालणारं, किंमत दोन कोटींच्या आसपास, बाहेरून आणायच्या विमानाच्या जवळपास निम्मी. हंसा मी ओळखतो, साधं आणि सोसणारं विमान आहे. त्याची विजेची आवृत्ती आपल्या उन्हात तपासून, आपल्या देशात दुरुस्त होणारी अशी मिळाली, तर निवृत्तीपूर्वी मला ती उडवायची आहे.

---

चार_चाकी | रविवार, रात्री १०:१०

गुरुजी, 'मोटरला श्वास घ्यावा लागत नाही' हे वाक्य लक्षात राहील.

मग ते एका माणसाचे, सरळ वर उडणारे छोटे यंत्र बघितलेत का? व्हिडिओत अंगणातून उडतात. धावपट्टीच नको. वैयक्तिक उड्डाण म्हणजे तेच ना?

---

लेथमशीन | रविवार, रात्री ११:३०

अमेरिकेतल्या पिव्होटल कंपनीचं हेलिक्स घ्या. एक माणूस, सुमारे वीस मैल म्हणजे ३२ किलोमीटरचा पल्ला, किंमत १ लाख ९० हजार डॉलरपासून. परवाना लागत नाही, कारण ते अमेरिकेच्या अल्ट्रालाइट, म्हणजे अतिहलक्या विमानांच्या नियमात बसवलं आहे. तोच नियम सांगतो की दाट वस्तीवरून उडायचं नाही आणि रात्रीही नाही. म्हणजे अंगणातून उडायचं तर अंगण रानात हवं.

भौतिकशास्त्र इथे आणखी कठोर आहे. पंख असलेलं विमान पुढे जाताना हवेवर टेकून राहतं. एका जागी तरंगायचं तर पूर्ण वजन पंख्यांनीच धरून ठेवावं लागतं आणि त्याला कितीतरी जास्त ताकद लागते. जिथे ऊर्जा सर्वात कमी आहे तिथे सर्वात जास्त खर्चाचं उड्डाण करायचं, असं ते आहे. बांधणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण मी पैसे पंखांवर लावेन.

---

थर्मल_शोधक | सोमवार, सकाळी ७:४५

लेथमशीन, पंखांवर पैसे लावायचे तर लांब पंखांवर लावा. धाग्यात ग्लायडर अजून कुणी आणलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, कारण वैयक्तिक उड्डाणात वीज सर्वात आधी आणि सर्वात नीट तिथेच बसली.

मी जर्मनीत राहतो, दहा वर्षं ग्लायडर उडवतो. आमची गरज बघा. वर जायला पाच-दहा मिनिटं मोटर हवी. त्यानंतर उन्हाने तापून वर जाणारी हवा, म्हणजे थर्मल, वर उचलते आणि चार-पाच तास, कधी तीनशे किलोमीटर, इंधनाशिवाय. बॅटरीची जी कमजोरी तुम्ही सगळे सांगताय ती आमच्या आड येतच नाही, कारण आम्ही तिच्याकडे फार थोडं मागतो.

लांगे कंपनीच्या अँटारेस २०ई ला २००६ मध्येच प्रमाणपत्र मिळालं, ते ग्लायडर म्हणून. वीस मीटर पंखविस्तार, ४२ किलोवॉटची मोटर, बॅटऱ्या पंखांतच. एका चार्जमध्ये ते तीनेक हजार मीटर चढू शकतं. म्हणजे व्हेलिसच्या चौदा वर्षं आधी माणसं विजेवर स्वतः उडत होती, बातमी झाली नाही इतकंच. पुढे स्लोव्हेनियातल्याच बापलेकांनी नाकावर घडी होणारा पंखा बसवायची पद्धत आणली. थर्मल संपलं आणि घर दूर असलं की पाती उघडतात आणि तुम्ही परत येता. आधी अशा वेळी शेतात उतरावं लागायचं, मग ट्रेलर, मित्राला फोन, रात्री अकराला घरी.

मी स्वतः अशा मोटरवर तीन वेळा घरी परतलोय. तिसऱ्यांदा खाली जंगल होतं. बटण दाबलं, दोन सेकंदांत पंखा फिरायला लागला. पेट्रोलची छोटी मोटर असती तर ती आधी बाहेर काढा, मग सुरू करा, आणि थंड हवेत ती सुरू होईलच याची खात्री नाही. त्या दोन सेकंदांसाठी मी विजेचा कायमचा ऋणी आहे.

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ग्लायडर वर ओढतात. मी पहिल्यांदा उडालो ते तिथेच, १९ वर्षांचा असताना. आपल्या पठारावर फेब्रुवारी ते मे थर्मल कसे असतात ते घारींना विचारा. सह्याद्रीच्या पूर्वेला स्वतः वर जाणारं विजेचं ग्लायडर घेऊन एक उन्हाळा काढायचा, हे माझं स्वप्न आहे.

---

सॅन_होजेकर | सोमवार, सकाळी ९:२०

थर्मल_शोधक, हे वाचून मी इथल्या ग्लायडर क्लबचा नंबर शोधून ठेवला.

खर्चाचं कुणी बोलेल का? विजेचं बिल कमी येतं हे कळलं, पण एकूण?

---

माळरानपाखरू | सोमवार, रात्री ८:३०

एका तासाला पंचवीसेक युनिट वीज धरा. इथल्या दराने सात-आठ युरो. आमच्या रोटॅक्स इंजिनच्या विमानाला तासाला १५ ते १८ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे ३५-४० युरो. तेल बदलणं, प्लग, कार्ब्युरेटर हे काही विजेच्या विमानाला नाही.

पण बॅटऱ्या ठरावीक तासांनी बदलाव्याच लागतात आणि त्यांची किंमत मोठी असते. क्लबाचे खजिनदार दर तासाला त्या बदलीसाठी रक्कम बाजूला टाकतात. ती धरली की आम्हाला लागणारा तासाचा दर पेट्रोलच्या विमानाइतकाच होतो. विमान जितकं जास्त उडेल तितकं परवडतं. एकट्याने विकत घेऊन महिन्यातून दोनदा उडवायचं असेल तर बॅटरी न उडताच म्हातारी होईल. म्हणून एकट्याने घेऊ नका. आठ-दहा जणांनी मिळून घ्या, किंवा क्लबात जा.

थर्मल_शोधक, तुमच्या प्रतिसादाने माझं मूळ मत जरा बदललं. जिथून उडालो तिथेच उतरायचं, असं मी लिहिलं होतं. तुम्ही तर तीनशे किलोमीटर फिरून तिथेच उतरता!

---

उड्डाणगुरुजी | सोमवार, रात्री ९:१०

पाखरू, एक विनंती. तुमच्या उड्डाणांची नोंद ठेवता का? बाहेरचं तापमान, उड्डाणापूर्वी आणि नंतर बॅटरीचं तापमान, किती सर्किट, किती टक्के. तुमच्याकडचे उन्हाळ्यातले सर्वात गरम दिवस मला हवेत. आमच्या डिसेंबरच्या सकाळशी ते जुळतील, तेवढं तरी कळेल.

---

माळरानपाखरू | सोमवार, रात्री ९:४०

सगळं आहे गुरुजी, बावीसच्या बावीस तासांचं, वहीत. टंकून इथेच टाकते, दोन-तीन दिवस द्या. डिसेंबरमध्ये मी धुळ्याला येतेय. बाबांना बारामती दाखवायची आहे, आता सायकलवर जमणार नाही, गाडीने येऊ. सकाळी साडेसहाला धावपट्टीपाशी उभं राहायची परवानगी मिळेल का, तेवढं कळवा.